अभियांत्रिकी पदवीसाठी राज्यातच राहावे की बाहेर जावे? नांदेडहून एक प्रश्न

गोदाकाठ (धागाकर्ती)

नमस्कार. माझ्या मुलीने यंदा राज्य मंडळाची बारावी पूर्ण केली असून सीईटी आणि जेईई मेन या दोन्ही परीक्षांचे निकाल हाती आले आहेत. सीईटीचे पर्सेंटाईल चांगले आहेत, जेईईचे त्या मानाने कमी. मागील कटऑफ पाहता आमच्यासमोर चार वाटा दिसतात. नांदेडमधल्याच श्री गुरु गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी संस्थेत संगणकशास्त्र ही पहिली, पुण्याच्या सीओईपीमध्ये स्थापत्य किंवा नशिबाने साथ दिल्यास विद्युत ही दुसरी, ईशान्येकडील एखाद्या एनआयटीत इलेक्ट्रॉनिक्स ही तिसरी. चौथी वाट तमिळनाडूतील एका खासगी अभिमत विद्यापीठाची आहे. तेथे संगणकशास्त्राची जागा मिळते आहे, पण पहिला मोठा हप्ता भरण्याची मुदत कॅपची (राज्याच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेची) पहिली यादी लागण्याच्या बरीच आधी संपते.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे आणि यजमान शेती पाहतात. आम्ही ओबीसी प्रवर्गात येतो आणि उत्पन्नाचा दाखला आठ लाखांच्या आत आहे. नातेवाइकांत दोन तट पडले आहेत. एका बाजूचे म्हणणे असे की एनआयटीचे नाव जन्मभर सोबत राहते, त्यामुळे गाव कितीही लांब असले तरी पाठवावे. दुसऱ्या बाजूला मुलीला दोन-तीन दिवसांच्या रेल्वे प्रवासावर पाठवायची कल्पनाच सोसत नाही. मुलीला संगणकशास्त्र आवडते, पण विद्युत शाखेचेही तिला वावडे नाही. ज्यांनी हा निर्णय घेतला आहे किंवा जे या क्षेत्रात शिकवतात, त्यांनी सविस्तर लिहावे ही विनंती.

कराडचा शिक्षक

ताई, मी अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवतो आणि प्रवेशाच्या काळात सुविधा केंद्रावर कागदपत्रे तपासण्याचे कामही करतो. तेथे दरवर्षी दिसते ते असे की पालक आधी महाविद्यालयांच्या नावांची तुलना करतात आणि नियम सर्वांत शेवटी वाचतात, खरे तर क्रम उलटा हवा. राज्याची सीमा ओलांडली की तीन गोष्टी बदलतात: जागांचा कोटा, शुल्काची सवलत आणि आरक्षणाचा प्रवर्ग. या तिन्हींचा हिशेब मांडल्याशिवाय "कोणते कॉलेज चांगले" हा प्रश्न नीट विचारताच येत नाही.

सवलतीपासून सुरुवात करतो, कारण तुमच्या बाबतीत सर्वांत मोठा फरक तिथेच आहे. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल) आणि एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण शुल्कात व परीक्षा शुल्कात शंभर टक्के सवलत आहे. अट एवढीच की प्रवेश कॅपमधून झालेला असावा. मॅनेजमेंट कोट्यातील प्रवेश आणि खासगी अभिमत किंवा स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठे या सवलतीच्या बाहेर आहेत. म्हणजे नांदेड असो वा पुणे, तुमच्या मुलीला वसतिगृह, मेस आणि इतर किरकोळ शुल्क एवढाच खर्च येईल. एनआयटीचे शिक्षण शुल्क वर्षाला सव्वा लाख आहे. तेथे अनुसूचित जाती-जमातींच्या व दिव्यांग विद्यार्थ्यांना ते पूर्ण माफ आहे, एक लाखाच्या आत उत्पन्न असलेल्यांनाही पूर्ण माफ आहे, आणि एक ते पाच लाखांच्या दरम्यान असलेल्यांना दोन तृतीयांश सूट मिळते. पाच ते आठ लाखांच्या पट्ट्यातील कुटुंबाला मात्र पूर्ण शुल्क भरावे लागते, म्हणून चार वर्षांचे पाच लाख केवळ शिकवणीचे धरा. हे शुल्क अवाजवी आहे असे मी म्हणणार नाही, परंतु ते शून्याच्या शेजारी ठेवून पाहायला हवे.

आता प्रवर्ग. जोसाच्या, म्हणजे आयआयटी-एनआयटींच्या एकत्रित केंद्रीय प्रवेशात केंद्राची ओबीसी यादी चालते, राज्याची नाही. आपल्याकडच्या काही जाती राज्याच्या यादीत आहेत आणि केंद्राच्या नाहीत, त्यामुळे तुमची जात केंद्रीय यादीत आहे का ते आधी पाहा. नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्रही केंद्राच्या नमुन्यात आणि त्या वर्षीच्या १ एप्रिलनंतरचे लागते. मराठा समाजातील विद्यार्थ्यांना राज्यात एसईबीसीचे दहा टक्के आरक्षण आहे, पण जोसात तो प्रवर्गच नाही. तेथे ते खुल्या प्रवर्गात मोडतात किंवा केंद्राच्या अटींत बसल्यास ईडब्ल्यूएसमध्ये. त्या अटींमध्ये पाच एकर शेतीची मर्यादा आहे आणि कोरडवाहू शेती असलेली मराठवाड्यातील कितीतरी कुटुंबे नेमकी तिथेच अडकतात.

तापीतीर

कराडच्या सरांनी कोट्याचा उल्लेख केला, त्यावर थोडे लिहितो. एनआयटीतील निम्म्या जागा त्या-त्या राज्याच्या विद्यार्थ्यांसाठी आणि निम्म्या इतर राज्यांसाठी असतात. आपल्यासाठी होम स्टेट म्हणजे नागपूरची व्हीएनआयटी, बाकी सर्व ठिकाणी आपण बाहेरचे. आयआयटी आणि ट्रिपल आयटी यांना ही विभागणी नाही, म्हणून पुण्याच्या किंवा नागपूरच्या ट्रिपल आयटीत महाराष्ट्राच्या मुलांना वेगळे झुकते माप मिळत नाही.

आम्ही नंदुरबारचे. मुलगा सुरतेच्या एसव्हीएनआयटीत इतर राज्यांच्या कोट्यातून आहे. कागदावर तो परराज्यात शिकतो, पण नंदुरबारहून सुरत रेल्वेने काही तासांवर आहे आणि नागपूर राज्याच्या दुसऱ्या टोकाला. सुरतेच्या उधना-लिंबायत भागात खानदेशी माणसे इतकी आहेत की पोराला अहिराणी बोलायला शेजार मिळतो. गोंदियाच्या पालकाला रायपूर जवळ, सावंतवाडीच्या पालकाला गोवा आणि सुरतकल जवळ. तुमच्या नांदेडहूनही हैदराबाद पुण्यापेक्षा जवळ आहे, हे आपणास सांगायला नकोच. त्यामुळे "बाहेर" म्हणजे किती बाहेर, याचे उत्तर प्रत्येक जिल्ह्याचे वेगळे आहे. ईशान्येचा प्रवास आणि वरंगलचा प्रवास एकाच तागडीत घालू नयेत.

मत्स्यगंधा

मी रत्नागिरीची. सुरतकलच्या एनआयटीतून संगणकशास्त्राची पदवी घेतली आणि सध्या बंगळूरला नोकरी करते. बाहेर जाण्याच्या बाजूनेही कोणी नीट लिहावे म्हणून हा प्रतिसाद.

महाविद्यालयात वर्गात, मेसमध्ये, वसतिगृहाच्या खोलीत अर्धी मुले देशभरातून आलेली असतात याचा परिणाम पहिल्या वर्षी जाणवत नाही, तिसऱ्या वर्षी जाणवतो. माझ्या खोलीत एक तेलुगू भाषक आणि एक बिहारची मुलगी होती. परीक्षेच्या तयारीची, प्रकल्प निवडण्याची, परदेशी विद्यापीठांना अर्ज करण्याची प्रत्येकीची रीत निराळी होती आणि ती पाहूनच मी शिकले. शिवाय संपूर्ण निवासी संस्थेत प्रयोगशाळा आणि ग्रंथालय रात्री उशिरापर्यंत हाताशी असते; पुण्या-मुंबईत खोली घेऊन राहणाऱ्या माझ्या मैत्रिणींचा रोजचा बराच वेळ प्रवासात आणि डब्याच्या विवंचनेत जात असे. ज्या मुलीला गावाबाहेरचे जग पाहायची मनापासून ओढ आहे, तिच्यासाठी या गोष्टींचे मोल खरे आहे आणि ते शुल्काच्या तक्त्यात दिसत नाही.

तरीही एक स्पष्ट सांगते. सुरतकल, त्रिची, वरंगल या जुन्या संस्था आहेत; सुरतकलची संस्था १९६० पासूनची. त्यांचे माजी विद्यार्थी सर्वत्र आहेत आणि कंपन्या तेथे वर्षानुवर्षे येतात. ईशान्येतील बहुतेक एनआयटी २०१० च्या आसपास सुरू झाल्या. सिलचर आणि आगरतळा या त्यांतल्या जुन्या, पूर्वीची प्रादेशिक किंवा राज्य महाविद्यालये असलेल्या. एनआयटी ही तीन अक्षरे सर्वत्र सारखी असली तरी विभाग, प्राध्यापकसंख्या आणि भरतीला येणाऱ्या कंपन्या सारख्या नसतात. मला सुरतकलऐवजी अगदी नवी, लांबची एनआयटी आणि नावडती शाखा मिळाली असती, तर मी मुंबईतच राहिले असते.

माटुंगा रोड

मुंबईच्या व्हीजेटीआयचा माजी विद्यार्थी, यंत्र अभियांत्रिकी. सीओईपी १८५४ ची, आमची संस्था १८८७ ची. हा इतिहास मिरवण्यासाठी सांगत नाही. त्याचा व्यावहारिक अर्थ असा की चाकण, रांजणगाव, ठाणे-बेलापूर पट्टा येथील कारखान्यांत आणि मुंबईतील सल्लागार कंपन्यांत या दोन्ही संस्थांची माणसे प्रत्येक पातळीवर बसलेली आहेत. यंत्र, विद्युत, स्थापत्य या शाखांत इंटर्नशिप प्रत्यक्ष जागेवर जाऊन करावी लागते, आणि सत्र चालू असताना आठवड्यातून एक दिवस कारखान्यात जाता येणे ही सोय उद्योगांपासून दूर असलेल्या संस्थेला देता येत नाही. संगणकशास्त्राला हा मुद्दा तितका लागू नाही, तेथे काम घरबसल्याही मिळते. म्हणून माझे मत असे की मूळ शाखा घ्यायची असेल तर पुणे-मुंबईचे वजन वाढते आणि संगणकशास्त्र घ्यायचे असेल तर गावाचे वजन कमी होते.

सीमाभाग

विषय थोडा वेगळा, पण धागा वाचणाऱ्या आमच्याकडच्या पालकांसाठी लिहून ठेवतो. महाराष्ट्र ज्या ८६५ गावांवर दावा सांगतो, त्या सीमाभागातील मराठी मातृभाषेच्या विद्यार्थ्यांसाठी कॅपमध्ये टाइप ई (उमेदवारीचा एक प्रकार) ही स्वतंत्र तरतूद आहे. बेळगाव, निपाणी, खानापूर येथील कितीतरी पालकांना ती ठाऊक नसते आणि ते मुलांना सरळ कॉमेड-केच्या (कर्नाटकातील खासगी महाविद्यालयांच्या प्रवेश परीक्षेच्या) जागेवर बंगळूरला पाठवतात. त्या जागांचे शुल्क कर्नाटक सीईटीच्या सरकारी जागांपेक्षा बरेच अधिक असते. मातृभाषेचा आणि रहिवासाचा दाखला वेळेत काढून ठेवा.

कराडचा शिक्षक

टाइपचा विषय निघालाच आहे तर मराठवाड्यासाठी महत्त्वाची एक गोष्ट. टाइप ए मध्ये बसण्यासाठी दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातील संस्थेतून हवी. नांदेड, लातूर, उदगीरकडची अनेक मुले अकरावी-बारावीला हैदराबादला जातात, काही राजस्थानातील कोटा शहरात जातात. जोसा होम स्टेट ठरवताना अधिवास पाहत नाही, बारावी कोणत्या राज्यातून उत्तीर्ण झाली ते पाहते. म्हणजे हैदराबादहून बारावी केलेल्या नांदेडच्या मुलाचे होम स्टेट तेलंगणा होते, नागपूरच्या होम स्टेट जागा त्याच्या हातून जातात आणि इकडे टाइप एचा हक्कही जातो. अभियांत्रिकीसाठी राज्य निवडण्याचा निर्णय अशा घरांत नकळत दहावीनंतरच झालेला असतो. धागाकर्तीच्या मुलीला ही अडचण नाही, परंतु ज्यांची मुले आता दहावीत आहेत त्यांनी हे आजच लक्षात घ्यावे.

गोदाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. आमची जात केंद्रीय यादीत आहे, याची खात्री केली. आता दोन शंका आहेत. पहिली, तमिळनाडूच्या विद्यापीठात जागा धरून ठेवण्यासाठी आत्ता पैसे भरावेत आणि पुढे कॅपमध्ये चांगले मिळाले तर ते परत घ्यावेत, असे एक परिचित सुचवतात. हे सुरक्षित आहे का? दुसरी, शैक्षणिक कर्जाचा सध्याचा नियम काय आहे?

इचलकरंजी

मी बँकेत कर्ज विभागात काम करतो, म्हणून दुसऱ्या शंकेपासून सुरुवात करतो. बँकांच्या सर्वसाधारण शैक्षणिक कर्ज योजनेत साडेसात लाखांपर्यंत तारण मागितले जात नाही, त्यापुढे बहुधा मागितले जाते. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत एनआयआरएफ या केंद्राच्या संस्था-क्रमवारीच्या आधारे निवडलेल्या संस्थांसाठी तारण आणि जामीनदाराशिवाय कर्ज मिळते. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आणि दुसऱ्या सरकारी शिष्यवृत्तीचा लाभ न घेणाऱ्या विद्यार्थ्यांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर हप्ते सुरू होण्याआधीच्या काळात तीन टक्के व्याज सवलत आहे, पण तिच्या लाभार्थींची वार्षिक संख्या मर्यादित आहे. अभ्यासक्रम अधिक एक वर्ष एवढा काळ हप्ता नसतो. व्याज मात्र त्या काळातही चढत असते आणि पालक नेमके तेच धरत नाहीत.

कर्ज मिळणे आणि कर्ज परवडणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे मी रोज पाहतो. चार वर्षांनी मुलीच्या पहिल्या पगाराचा किती भाग हप्त्यात जाईल, हे आजच कागदावर मांडा, आणि तेही विद्यापीठाच्या माहितीपत्रकातील सर्वोच्च पगार धरून नव्हे. ज्या मुलीला राज्यात शिक्षण शुल्क पूर्ण माफ आहे, तिच्यासाठी खासगी विद्यापीठाचे कर्ज काढण्याचा सल्ला मी देणार नाही. हे मी बँकेचा माणूस असूनही म्हणतो.

पैसे परत मिळण्याविषयी: यूजीसी आणि एआयसीटीई दरवर्षी परताव्याची मुदत जाहीर करतात आणि त्या तारखेच्या आत प्रवेश रद्द केल्यास एक हजार रुपयांपेक्षा अधिक कापता येत नाहीत. मूळ कागदपत्रे अडवून ठेवण्यासही मनाई आहे. नियम असा स्पष्ट असला तरी माझ्या पुतण्याच्या बाबतीत एका संस्थेने रक्कम परत करायला इतका उशीर लावला की त्या काळात पुण्याच्या वसतिगृहाचे पैसे आम्हाला दुसरीकडून उसने घ्यावे लागले. अडकलेली रक्कम काही महिने तुमच्या हाती नसेल, असे धरूनच काय ते ठरवा, आणि रद्द करण्याचा अर्ज ईमेलने करून त्याची पोच जपून ठेवा.

मत्स्यगंधा

तमिळनाडूच्या विद्यापीठाबद्दल एक जोड. तिथल्या काही मोठ्या विद्यापीठांत त्यांच्या प्रवेश परीक्षेतील क्रमांकानुसार शुल्काच्या श्रेणी ठरतात, त्यामुळे एकाच वर्गात बसलेल्या दोन विद्यार्थिनींच्या शुल्कात दुपटीहून अधिक फरक असू शकतो. तुम्हाला कोणती श्रेणी मिळाली आहे ते पत्रात नीट वाचा. वरच्या श्रेणीत, म्हणजे कमी शुल्कात असाल तर विचार करण्याजोगे आहे. खालच्या श्रेणीत असाल तर चार वर्षांत तेवढ्या पैशांत परदेशातील पदव्युत्तर शिक्षणाचा मोठा वाटा निघतो.

कराडचा शिक्षक

महाविद्यालयांची तुलना करताना जाहिरातींऐवजी एक साधे साधन वापरा. एनआयआरएफमध्ये भाग घेणाऱ्या प्रत्येक संस्थेने दिलेली माहिती सर्वांना खुली असते. चार वर्षांच्या पदवीच्या तक्त्यात प्रवेश किती, ठरलेल्या मुदतीत पदवी घेणारे किती, नोकरी मिळालेले किती, उच्च शिक्षणाला गेलेले किती आणि मध्यम पगार किती, हे आकडे शेजारी-शेजारी असतात. मध्यम पगार म्हणजे निम्म्या मुलांना त्याहून कमी आणि निम्म्यांना त्याहून अधिक. कोट्यवधींच्या एका बातमीपेक्षा हा आकडा आपल्या मुलीच्या भवितव्याबद्दल अधिक सांगतो. मुदतीत पदवी घेणाऱ्यांचा आकडा प्रवेशाच्या मानाने फार खाली असेल तर तेथील परीक्षापद्धती किंवा अध्यापन यांपैकी कशात तरी अडचण आहे, असे समजून माजी विद्यार्थ्यांना विचारा. हे आकडे सर्व शाखांचे मिळून असतात, एवढी मर्यादा लक्षात ठेवावी.

वेळापत्रकाबद्दलही लिहितो, कारण अलीकडच्या वर्षांत जोसाच्या फेऱ्या कॅपच्या पहिल्या वाटपाआधीच संपत आल्या आहेत. जोसात जागा स्वीकारताना शुल्क भरावे लागते आणि ठरावीक फेरीपर्यंतच माघार घेता येते, तीही प्रक्रिया शुल्क कापून. त्यामुळे कॅपची यादी पाहून मग जोसाचे ठरवू, असे चालत नाही. एनआयटी हवी की नको, याचा निर्णय तुम्हाला कॅपचा निकाल माहीत नसताना, मागील कटऑफवरूनच घ्यायचा आहे.

गोदाकाठ

सरांनी सांगितलेले तक्ते मुलीने स्वतः उतरवून काढले आणि काल संध्याकाळी आम्ही तिघे ते घेऊन बसलो. तमिळनाडूचे पत्र पुन्हा वाचले तेव्हा लक्षात आले की शुल्काची श्रेणी खालून दुसरी आहे, म्हणून तो पर्याय सोडला आणि पैसे भरले नाहीत. ईशान्येतील एनआयटीबाबत मुलीचे म्हणणे असे पडले की अंतराला ती घाबरत नाही, पण तेथील शाखा आणि नोकरीचे आकडे नांदेडच्या संगणकशास्त्रापेक्षा वरचढ दिसत नाहीत आणि त्यासाठी पाच लाख अधिक मोजायला तिची तयारी नाही. जोसाच्या पसंतीत आता आम्ही फक्त नागपूर, वरंगल, सुरत आणि भोपाळ ठेवत आहोत. मिळण्याची शक्यता कमी आहे हे ठाऊक आहे.

खरी अडचण आता पुणे की नांदेड ही आहे. मुलीला घर सोडायचे आहे, आणि आई म्हणून मला ते पटते. सीओईपीची विद्युत शाखा मिळाली तर ती पुण्याला जाईल. स्थापत्य मिळाली तर नांदेडचे संगणकशास्त्र तिला अधिक हवे आहे. ऑप्शन फॉर्ममध्ये क्रम कसा लावावा?

माटुंगा रोड

मनातला क्रम तोच कागदावर. पहिल्या जागेवर सीओईपी विद्युत, त्याखाली नांदेडचे संगणकशास्त्र, त्याखाली सीओईपी स्थापत्य. मध्ये व्हीजेटीआय आणि सांगलीच्या वालचंदमधील आवडत्या शाखाही घाला. मिळण्याजोग्या वाटत नसल्या तरी वर लिहिल्याने खालच्या पर्यायाचे नुकसान होत नाही.

कराडचा शिक्षक

याला दुजोरा, फक्त एक सावधगिरी. २०२५ च्या नियमांनुसार पहिल्या फेरीत पहिला पर्याय मिळाला तर तो आपोआप पक्का होतो, दुसऱ्या फेरीत पहिल्या तिनांपैकी कोणताही मिळाला तर तो पक्का होतो आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांपैकी. त्यानंतर पुढच्या फेरीत सुधारणा मागता येत नाही. म्हणून पहिल्या सहांत असे काहीही लिहू नका, जे मिळाल्यावर मुलीला हळहळ वाटेल. यंदाच्या माहितीपुस्तिकेत हा नियम तसाच आहे का, ते फॉर्म निश्चित करण्याआधी वाचून घ्या.

मुलींसाठी कॅपमध्ये तीस टक्के जागा राखीव असतात, तेव्हा कटऑफच्या यादीत एल ने (मुलींच्या राखीव जागा) सुरू होणाऱ्या रकान्यांतील आकडे पाहा. तुम्ही जी ने (सर्वसाधारण जागा) सुरू होणारे पाहिले असतील तर पुण्याची विद्युत शाखा वाटते तितकी दूर नसेलही.

गोदाकाठ

आम्ही जी चेच रकाने पाहत होतो. मुलगी आत्ता एल चे उतरवून घेते आहे. नॉन-क्रिमीलेअर आणि उत्पन्नाचा दाखला तयार आहे, जात पडताळणीचे प्रमाणपत्रही आहे. उद्या सुविधा केंद्रावर जाऊन कागदपत्रे तपासून घेतो आणि पहिली यादी लागली की येथे कळवते.